दोरीच्या अलीकडे

जून संपत आला की लेस्टरमधल्या मोहित्यांच्या घरातून पांढऱ्या चादरी नाहीशा व्हायला लागत. शशिधर मोहिते हॉस्पिटलच्या लॅबमधून दमूनभागून घरी यायचे, उघड्या गादीकडे बघायचे आणि म्हणायचे, "आले वाटतं तुझे ग्रीक!" सुलक्षणाबाई पिना मोजत राहायच्या. बोलायला अंगात त्राण तरी हवं ना.

सुलक्षणाबाई बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या एका प्रायमरी शाळेत आठ-नऊ वर्षांच्या पोरांना शिकवायच्या. चौऱ्याऐंशी साली टीव्हीवर ऑलिम्पिक लागणार होतं, पोरं वर्गात बसत नव्हती, म्हणून त्यांनी जुलैच्या एका दुपारी शाळेच्या मैदानात 'ग्रीक दिवस' केला. हेतू एवढाच की सुट्टी लागण्याआधी पोरं एकदाची दमावीत. पोरं काही दमली नाहीत, बाई मात्र पार थकून गेल्या. पण हेडबाईंना कल्पना आवडली आणि दरवर्षीचं लचांड गळ्यात पडलं. पुढे सरकारने नवा अभ्यासक्रम आणला, त्यात प्राचीन ग्रीस सक्तीचा झाला, आणि हौसेने केलेल्या गोष्टीची तपासणी करायला लोक यायला लागले. हौसेत जी मजा असते, ती सक्तीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

ग्रीक दिवसाचा थाट ठरलेला होता. चादरी खांद्यावर पिनने अडकवायच्या. कागदी प्लेट दोन-दोन चिकटवून थाळीफेकीच्या थाळ्या करायच्या. ग्रीक लोक हातात वजनं घेऊन लांब उडी मारायचे, म्हणून पोरांच्या हातात वाळू भरलेल्या शॅम्पूच्या बाटल्या. लेस्टरमध्ये ऑलिव्हचं झाड कुठून आणायचं? मग शाळेच्या कुंपणाच्या झुडपाच्या फांद्या कापून त्याचा मुकुट. धावण्याची शर्यत झ्यूस देवाच्या वेदीपर्यंत असायची. वेदी म्हणजे जिममधलं पालथं घातलेलं टेबल. स्पर्धेच्या आधी आठवडाभर 'पवित्र तह' पुकारायचा. ग्रीसमध्ये ऑलिम्पिकला जाणाऱ्या लोकांना वाटेत कुठल्याही शहराने अडवायचं नाही असा नियम होता. इथे डिनर-क्यूमध्ये, जेवणाच्या रांगेत, कोणी कोणाला ढकलायचं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांना तो तह जेवढा जमला, साधारण तेवढाच पोरांनाही जमायचा.

मग दरवर्षीची भाषणं. ग्रीक लोक का खेळायचे? देवासाठी आणि गावासाठी. जिंकणाऱ्याला मिळायचं काय? पानांचा एक मुकुट, पण गावात त्याचा मान असा की जन्मभर फुकट जेवण. दुसरा येईल त्याला? काही नाही. तिसऱ्याला? त्याहून काही नाही. इथे पोरं हळहळायची, कारण शाळेत सगळ्यांना स्टिकर मिळायचे. ग्रीक लोक उघडेच खेळायचे, हे सांगितलं की सगळा वर्ग खिदळून बाकांखाली जायचा. तो बाहेर येईपर्यंत सुलक्षणाबाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या.

आणि मग यायची ती गोष्ट. ऑलिम्पियात लग्न झालेल्या बायकांना जायला बंदी. सापडली तर डोंगराच्या कड्यावरून खाली ढकलून द्यायची. ऱ्होड्स बेटावरच्या एका बाईचा नवरा मेला. मुलगा मुष्टियोद्धा. मग तिनेच त्याला तयार केलं, आणि पुरुषाचे कपडे घालून, त्याचा गुरू म्हणून, गुरू लोकांसाठी राखलेल्या कुंपणात जाऊन उभी राहिली. मुलगा जिंकला. बाईला राहवेना. तिने कुंपणावरून उडी मारली, कपडा अडकला, सुटला, आणि सगळ्यांना कळलं की ही बाई आहे. पण तिचा बाप, भाऊ आणि आता मुलगा, सगळे ऑलिम्पिक जिंकलेले. त्या घराण्याच्या मानापायी पंचांनी तिला सोडून दिलं. फक्त नियम केला की यापुढे गुरूंनीही उघडंच यायचं. पुन्हा वर्ग बाकांखाली.

बाईचं ग्रीक नाव पोरांना घेता यायचं नाही, म्हणून सगळे तिला 'मम फ्रॉम ऱ्होड्स' म्हणायचे. दरवर्षी प्रश्नही एकच, "मिस, कडा किती उंच होता?"

सुलक्षणाबाईंना या सगळ्यात नवीन काही वाटायचं नाही. त्या मिरजेतल्या वस्ताद दत्तोबा जगदाळ्यांची थोरली लेक. वस्तादांना मुलगा नव्हता, तालीम होती. ग्रीक पैलवान अंगाला तेल चोपडून वर माती लावायचे आणि नंतर ती खरवडून काढायचे, हे पुस्तकात पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुलक्षणाबाईंना ती जागा वासासकट ओळखीची वाटली. तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती, कोपऱ्यात मारुती, आणि उंबऱ्याच्या आत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही. लहान सुलक्षणा बदाम घातलेल्या दुधाची कासंडी घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची. कासंडी आत जायची, ती बाहेर राहायची. मग मागच्या बाजूला झरोक्याखाली दगड लावून त्यावर चढायची आणि बघायची.

एकदा नंदू नावाचा तिचाच चुलतभाऊ मातीत पडला होता. नाकातून रक्त, तोंडात माती, हुंदके देत होता. वरच्या पोराने त्याची मान दाबून धरली होती. वस्ताद दोन पावलांवर उभे होते, हात पाठीमागे, एका हाताने दुसरं मनगट धरलेलं. हलले नाहीत. संध्याकाळी ती बापावर उसळली. "बाबा, तो रडत होता!"

"रडू दे की."

"तुम्ही उचललं का नाही?"

"पाठ टेकली होती का त्याची?" वस्ताद म्हणाले. "पाठ टेकली नाही तोवर कुस्ती संपली नाही. तोवर आत कोणी जायचं नाही, हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

नंदू नंतर उठला की हरला, हे तिला आठवत नाही. बाप दगडाचा आहे, एवढं मात्र तिने तेव्हा ठरवून टाकलं, आणि ते मत बदलावं असं पुढे बरीच वर्षं काही घडलं नाही.

सांगलीच्या कॉलेजात बी.ए., मग लग्न, मग सत्तर साली विलायत. पहिली काही वर्षं मोज्यांच्या कारखान्यात गेली, मग कॉलेजला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण. शशिधरराव शांत माणूस. बायकोने काय करावं यात त्यांनी कधी नाक खुपसलं नाही, आणि काय करू नये यातही नाही. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर, शिल्पा झाली. आणि पोर चालायला लागली ती धावतच.

सुलक्षणाबाईंनी तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की ऑलिम्पियात बायकांना मज्जाव होता तरी मुलींच्या वेगळ्या शर्यती व्हायच्या, हेरा देवीच्या. केस मोकळे सोडून, गुडघ्याच्या वर कपडा घेऊन पोरी धावायच्या, आणि जिंकणारीला तोच मुकुट, ऑलिव्हचा. शिल्पाने विचारलं होतं, "आणि तिची आई बघायला जायची?" सुलक्षणाबाईंना माहीत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "जायची तर! सगळ्यात पुढे."

मग त्यांनी ते खरं करून दाखवलं. आठवड्यातून तीनदा शाळेतून थेट ट्रॅकवर. पाऊस, धुकं, बोचरी थंडी, गाडीत फ्लास्क आणि डब्यात थालीपीठ, मांडीवर तपासायच्या वह्या. इतर आया मुलीला सोडून शॉपिंगला जायच्या, सुलक्षणाबाई काचेतून वायपर फिरवून फिरवून बघत बसायच्या. गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. पण झरोक्याखालच्या दगडापेक्षा फोर्ड फिएस्टाची सीट बरी, असं त्या म्हणायच्या. ते गमतीत म्हणायच्या, आणि गमतीत म्हणत नव्हत्या.

त्र्याण्णवचा जून. काउंटीतल्या शाळांच्या स्पर्धा. पंधराशे मीटर. पहिली येईल तिला राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं, दुसरीला घरी. "अगदी ग्रीक हिशोब आहे," सुलक्षणाबाई सकाळी म्हणाल्या. सोळा वर्षांची शिल्पा बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली, "आई, प्लीज, आज ग्रीक नको." शशिधररावांची ड्यूटी होती.

ट्रॅकभोवती दोरी बांधली होती. प्रेक्षकांनी दोरीच्या अलीकडे. सुलक्षणाबाई शेवटच्या सरळ पट्ट्यापाशी, अगदी दोरीला पोट लावून उभ्या होत्या. घंटा झाली, शेवटची फेरी सुरू झाली, आणि शिल्पा सुटली. मागच्या पोरी मागेच राहिल्या. वळणावरून ती एकटी बाहेर आली. सुलक्षणाबाई ओरडायला लागल्या.

आणि शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे शिल्पा पडली. कोणी धक्का दिला नाही. पाय पायात आला आणि पोर हातागुडघ्यांवर आपटली.

पुढचं कसं घडलं ते सुलक्षणाबाईंना नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. त्या दोरीच्या पलीकडे होत्या. सत्तरीचे वाटावेत असे त्रेपन्न वर्षांचे गुडघे, सुती साडीवर अनोरॅक, आणि बाई दोरीखालून कधी गेल्या, की वरून गेल्या, देव जाणे. त्यांनी शिल्पाला दंडाला धरून उचललं. "चल, चल, चल!" म्हणत तिला घेऊन त्या रेषेकडे पळाल्या. मायलेकींनी मिळून रेषा ओलांडली. मागची मुलगी तेव्हा कुठे वळण संपवून सरळ पट्ट्याला लागत होती. शिल्पा नुसती उठली असती आणि चालत गेली असती, तरी चाललं असतं.

ब्लेझरमधल्या एका वयस्कर पंचाने मान हलवली. बाहेरून मदत. बाद. लाउडस्पीकरवर तसं सांगितलंही, आडनावाचा उच्चार चुकवून. मग तोच पंच सुलक्षणाबाईंपाशी आला आणि फार मऊ आवाजात म्हणाला की कुठल्याही आईने हेच केलं असतं. शाळेच्या पी.ई.च्या बाईही तेच म्हणाल्या. एका अनोळखी बाईने पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनी माफ करून टाकलं. माफी वाटत सुटले होते सगळे, जत्रेत रेवड्या वाटाव्यात तशी.

दोघी परत निघाल्या. लाल सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शिल्पा समोर बघत म्हणाली, "मी उठत होते, आई."

"लागलं होतं गं तुला. रक्त..."

"मी उठत होते. आय वॉज गेटिंग अप. माझा एक गुडघा वर आला होता आधीच. तू बघितला नाही. तू माझा रेस घेतला."

हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. सुलक्षणाबाईंनी गाडी गिअरमध्ये टाकली. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मिरजेच्या तालमीतून बापाचा आवाज आला: पाठ टेकली होती का तिची? नव्हती टेकली. हात आणि गुडघे टेकले होते फक्त. वस्तादाच्या लेकीला हे कळायला नको? जन्मभर जिला आत जायला मिळालं नाही, ती एकदाची आत गेली, आणि गेली ती नेमकी नको तेव्हा.

शिल्पाचे स्पाइक्स, धावायचे खिळ्यांचे बूट, माळ्यावर गेले. कारण सांगायला ए-लेव्हल्सच्या परीक्षा होत्याच. तिने भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, दोघी रडल्या असत्या, विषय मिटला असता. सुलक्षणाबाई सॉरी म्हणायच्या आणि शिल्पा म्हणायची, "इट्स फाइन, आई." हे 'फाइन' म्हणजे तोंडावर हळूच लावलेलं दार होतं. सॉरी इतक्यांदा झालं की त्यातला जीवच गेला. पुढे पोर एडिनबराला शिकायला गेली. रविवारी फोन यायचा. तिकडे थंडी आहे. इकडेही आहे. बाबा कसे आहेत, बरे आहेत, घे बोल. सुलक्षणाबाई चकल्यांचे डबे पाठवायच्या, आणि चकल्या पोचल्या, छान होत्या, म्हणून निरोप यायचा.

"अहो, तुम्ही तरी बोला तिच्याशी," त्या नवऱ्याला म्हणायच्या.

"मी काय बोलू?" शशिधरराव म्हणायचे. "तुमच्या दोघींच्यात मी पडलो तर मलाही बाद करतील."

ते हसवायला म्हणायचे. पूर्वी बाई हसल्याही असत्या. आता हसायचा कंटाळा येत होता. शाळेत पाय ओढत जायच्या, घरी पाय ओढत यायच्या. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांची झीज आहे. सुलक्षणाबाई मनात म्हणाल्या, एवढ्यावर भागलं तर नशीब.

ग्रीक दिवस मात्र चुकला नाही. चादरी, शॅम्पूच्या बाटल्या, पालथं टेबल. आणि 'मम फ्रॉम ऱ्होड्स'. ती गोष्ट सांगताना त्या आता पोरांकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघायच्या. शहाण्णव साली गोष्ट संपली, आणि रेखा नावाच्या एका बारक्या पोरीने हात वर केला. ही पोर वर्षभरात फारशी बोलली नव्हती. सुलक्षणाबाई म्हणाल्या, "कडा खूप उंच होता."

"ते नाही, मिस. तिचा मुलगा काय म्हणाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याची मॅच होती ना. सगळे त्याच्या मम्मीकडेच बघायला लागले. मग तो काय म्हणाला?"

"ते कोणी लिहून ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"त्याला कोणी विचारलंच नाही?"

"नाही. कोणी विचारलं नाही."

"हे बरोबर नाही," असं म्हणून रेखा खाली बसली. घंटा झाली, वर्ग पळाला, आणि सुलक्षणाबाई खुर्चीत बसून राहिल्या. इतकी वर्षं गोष्ट सांगितली, पंचांनी माफ केलं म्हणून टाळ्या घेतल्या. पंचांच्या माफीला काय चाटायचंय? पुढच्या वर्षापासून त्यांनी ती गोष्ट सांगायची बंद केली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. कडा गेला, एवढं मात्र मोठ्या भावाकडून गोष्ट ऐकलेल्या एका पोराला वाईट वाटलं.

अठ्ठ्याण्णवच्या जुलैत बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शेवटचा ग्रीक दिवस. हेडबाईंनी केक आणला होता, पालकांना बोलावलं होतं. ऊन चांगलं होतं. आदल्या रात्री गुडघ्याला पट्टा बांधून झोपलेल्या सुलक्षणाबाई सकाळी उठल्या तेव्हा मनात एकच विचार होता, आज एकदाचं संपेल. आनंदही नव्हता, दुःखही नव्हतं. बस पकडायची असते तसा तो दिवस होता.

मैदानाच्या कडेला दोरी बांधता बांधता त्यांनी वर बघितलं तर दोरीच्या पलीकडे शिल्पा उभी. जीन्स, पाठीवर सॅक, केस कापलेले. एकवीस वर्षांची बाई झालेली.

"तू कशी काय?"

"बाबांनी फोन केला." शिल्पाने सॅक खाली ठेवली. "म्हणाले, घरात एक पण चादर नाही, येताना स्लीपिंग बॅग आण."

सुलक्षणाबाईंच्या ओठांपर्यंत सॉरी आलं होतं. सवयच झाली होती. त्यांनी ते गिळलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का?"

"ट्रेनमध्ये सँडविच खाल्ला." मग मैदानाकडे बघत, "ते टेबल अजून तोच आहे?"

"तेच. एक पाय तुटलाय."

"तुझ्यासारखा," शिल्पा म्हणाली. चेहरा सरळच होता. सुलक्षणाबाईंना यात चेष्टा किती आणि बोचणं किती ते कळलं नाही. त्या दोरीची गाठ मारत राहिल्या. गाठ आधीच बसलेली होती.

खेळ झाले. थाळ्या उडाल्या, वाळू सांडली, मुकुट वाटले. आणि शेवटी मोठ्यांची शर्यत. दरवर्षी सुलक्षणाबाई शिट्टी वाजवायच्या आणि इतर शिक्षक धावायचे. या वर्षी पोरांनी आरडाओरडा करून शिट्टी काढून घेतली. "मिस! मिस! मिस!" बाई नको नको म्हणत होत्या. गुडघ्यांकडे बोट दाखवत होत्या. आठ वर्षांच्या पोरांना गुडघा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. शेवटी नाइलाजाने त्या रेषेवर उभ्या राहिल्या, सलवार-कमीजवर पांढरी चादर पिनने लावलेली, पायात कॅनव्हासचे बूट. शेजारी सगळे पंचविशीतले.

शिट्टी झाली. पंचविशीतले केव्हाच पुढे गेले. सुलक्षणाबाई धावत नव्हत्या, पण कोणी धावताय का विचारलं असतं तर हो म्हणता आलं असतं, इतपत चालल्या होत्या. पोरं दोरीला लोंबकळून किंचाळत होती. अर्ध्या वाटेवर चादर बुटाखाली आली. पट्टा बांधलेला गुडघा लचकला आणि बाई पुढे गेल्या, हातांवर, मग गुडघ्यांवर.

किंचाळणं थांबलं. गवत नाकाशी होतं. तळहात सोलले होते. गुडघ्यातून जी कळ निघाली ती पार मस्तकात गेली. सुलक्षणाबाईंना वाटलं, पुरे. आता इथेच आडवं व्हावं. पाठ टेकली की सगळं सुटतं, कोणी काही मागत नाही. खरंच, किती बरं वाटेल.

त्यांनी मान वळवली. दोरीपाशी शिल्पा होती. दोन्ही हातांनी तिने दोरी धरली होती, इतकी घट्ट की दोरी ताणून खाली आली होती. ती आत येत नव्हती. तोंड पांढरं पडलं होतं. आणि सुलक्षणाबाईंना एकदम आपला बाप दिसला, दोन पावलांवर उभा, पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट धरलेला. एवढी वर्षं त्यांना वाटायचं की ती वस्तादाची ऐट आहे. ती ऐट नव्हतीच. बापाने स्वतःलाच धरून ठेवलं होतं.

पुढे गेलेला एक तरुण शिक्षक मागे वळला आणि हात पुढे करून धावत यायला लागला. पोरगा भला होता बिचारा.

"लीव्ह हर!" शिल्पा मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली. "डोन्ट टच हर! शी'ज गेटिंग अप!"

तो जागच्या जागी थांबला. पालकांमध्ये कुजबुज झाली. काय ही मुलगी, आई पडलीय आणि! हेडबाई केकचा सुरा हातात घेऊन उभ्या राहिल्या. मैदानावर एवढी शांतता ग्रीक दिवसाच्या इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती.

सुलक्षणाबाईंनी एक गुडघा वर घेतला. तो बरा होता. मग दुसऱ्याची समजूत घातली. हाताने जमीन ढकलली, थोडं थांबून श्वास घेतला, पुन्हा ढकलली. बराच वेळ लागला. एका पोराने जांभई दिली म्हणतात. पण त्या उठल्या. पायात गुंतलेली चादर काढून खांद्यावर टाकली, आणि लंगडत, शिव्या कोणाला द्याव्या ते न सुचून ग्रीकांनाच मिरजेच्या शिव्या देत, पालथ्या टेबलापर्यंत गेल्या. टेबलाचा तुटका पाय धरला. शेवटून पहिल्या.

तेव्हा शिल्पाने दोरी उचलली आणि ती खालून आत आली. धावत नाही, चालत आली. दोरीच्या पिळाचे वळ उठून तिचे तळहात लाल झाले होते. तिने आईच्या अंगावरचं गवत झटकलं, मग सोललेला तळहात उलटा करून बघितला, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"आई, मला आत यायचं होता," ती म्हणाली. "मला इतका यायचं होता ना."

"मला माहितेय गं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मला नाही माहीत तर कोणाला?"

मग त्यांनी आपला सगळा भार लेकीच्या खांद्यावर टाकला, आणि दोघी केक कापायला गेल्या.